तारीख देण्याआधी : नाशिकमधल्या एका आरी वर्क व्यवसायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामातलं आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचून होकार दिला, मगच ते पूर्ण केलं. नाव, गल्ली, ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत. गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. ताईंची वही माझ्याकडे असते आणि त्या नोव्हेंबरातल्या एका रात्री मी त्यांच्या घरी होते. त्यामुळे मी यात अगदीच तिऱ्हाईत नाही.

ताई सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात आरी वर्कचे, म्हणजे आकडीच्या सुईने भरतकाम केलेले, ब्लाउज करतात. यजमान अंबडला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. पुढच्या खोलीत दोन लाकडी फ्रेम. एकीवर ताई बसतात, दुसरीवर मदतीला येणारी मुलगी. ती दिंडोरी तालुक्यातली, लग्न होऊन नाशकात आलेली. भरलेलं कापड शिवायला एका मास्टरांकडे जातं. मणी, टिकल्या, जरी मेन रोड आणि कानडे मारुती लेनमधून येते. मोठी खरेदी असली की सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला भुलेश्वर.

हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार सावकाश होतं. आधी माप, मग कागदावर नक्षी. नक्षीच्या रेषेरेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर वरून पुसायची, की खाली ठिपके उमटतात. मग फ्रेमवर ताणलेल्या कापडात आकडीच्या टोकाची सुई वरून टोचायची, खालचा धागा वर ओढून साखळी घालत जायचं, आणि त्याच ओघात मोती, कट बीड, जरदोसी बसवायची. हे सगळं कापड न कापता होतं, शिलाई नंतर. नवरीच्या ब्लाउजला पाठ आणि दोन्ही बाह्या धरून सुईचे ३० तास लागतात. नुसत्या बाह्यांना हलकं काम असेल तर ७ तास.

आणखी एक गोष्ट. येवलं आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे इथल्या नवरीच्या अंगावर पैठणी असणारच. हातमागाच्या पैठणीचा ब्लाउज पीस साडीबरोबरच विणलेला असतो. तो बिघडला तर दुकानात जाऊन मीटरभर कापड आणता येत नाही. ताईंच्या हातात येणारं निम्म्याहून जास्त कापड असं आहे. पुढचा सगळा ताण समजून घ्यायचा तर हे डोक्यात ठेवावं लागेल.

अडचण

आषाढी ते कार्तिकी चार महिने लग्नं नसतात. गौरी-गणपती, नवरात्र यांची किरकोळ कामं तेवढी चालतात. मग तुळशीची लग्नं लागतात आणि माणसांची सुरू होतात. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि तुळशीविवाह १३ नोव्हेंबरपासून. लोक दसऱ्याच्या मुहूर्तावर पैठणी घेतात आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या दारात येतात. म्हणजे पाच आठवडे, आणि त्यांच्या बरोबर मध्ये दिवाळी.

दारातलं बोलणं साधारण असं व्हायचं. मुलगी, तिची आई, कधी होणारी सासू. हातात पिशवी, मोबाइलमध्ये फोटो.

"ताई, तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे हो. होईल ना?"

"होईल की. काळजी नका करू."

पाचशे रुपये हातावर, वहीत नाव आणि नंबर, झालं. पहिला निर्णय इथे झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ताई मनापासून हो म्हणत होत्या. समोरच्या मुलीचं तोंड उजळलेलं बघून नाही म्हणणं त्यांच्याने होत नाही. माझ्या ओळखीतल्या किती तरी कसबी बायांचं हेच आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ज्या मायेने काम सुंदर होतं, तीच माया त्यांना रात्रभर जागवते.

दिवाळीआधी त्यांच्याकडे नवरीचे ८ ब्लाउज होते आणि बाह्यांची १२ कामं. नंतर आम्ही बसून मांडलं ते असं: ८ गुणिले ३० म्हणजे २४०, १२ गुणिले ७ म्हणजे ८४, एकूण ३२४ तास. दिवाळीचे सहा दिवस सोडून हातात कामाचे ३० दिवस. ताई दिवसाला सहा तास सुईवर, मुलगी पाच. एकूण ३३०. म्हणजे कागदावर बसत होतं, कुणी आजारी पडलं नाही, कुणी डिझाइन बदललं नाही आणि वीज गेली नाही तर. सहा तासांची श्वास घ्यायला जागा. पण हा हिशेब तेव्हा कुणी केलाच नव्हता. वसुबारसेच्या दिवशी आणखी दोन नवऱ्या आल्या, एक नात्यातली, एक जुन्या गिऱ्हाइकाची भाची. दोघींनाही हो. बेरीज ३८४.

त्यात मदतनीस मुलगी १९ ऑक्टोबरला माहेरी गेली. माहेरी द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की मागोमाग फेलफुटी, म्हणजे घड नसलेले फुटवे, काढायचं काम येतं आणि तेव्हा घरातला प्रत्येक हात लागतो. आठ दिवसांत येते म्हणाली होती. ते लांबलं, मग दिवाळी आली, आणि भाऊबीज झाल्यावर ५ नोव्हेंबरला फोन आला की अजून आठवडा लागेल. ती परत आली १३ तारखेला. दिवाळी सोडून तिचे १८ दिवस गेले, म्हणजे सुईचे ९० तास. ३८४ तासांचं काम आणि हातात २४०.

तिला दोष देणारे पुष्कळ भेटले. मला तो मान्य नाही. नाशिक जिल्ह्यात राहून ऑक्टोबरात द्राक्षाच्या घरची मुलगी मोकळी असेल असं धरणं हीच चूक होती. शिवाय हातात किती काम आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फक्त समोरची फ्रेम दिसत होती.

याखेरीज एक गळती होती, जी वहीत कुठेच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप. "हा मोर की तो?", "सासूबाई म्हणतात नथ नको, कमळ करा", "फोटोतला रंग जास्त डाळिंबी वाटतोय". एका नवरीमागे असे चाळीस-पन्नास निरोप. प्रत्येक निरोपाला ताई सुई ठेवून उत्तर द्यायच्या. मोबाइलवर दाखवलेले फोटो बहुतेक मशीनवर भरलेल्या कामाचे असायचे किंवा फार महागड्या कामाचे. "अस्संच हवं" म्हणणाऱ्या आईला साडेपाच हजारांत ते तसं का येणार नाही हे समजावण्यात अर्धा तास जायचा. कधी ताई समजावायच्या नाहीत, गप्प राहायच्या आणि जास्त भरून द्यायच्या. ते जास्तीचे तास कुणी मोजले नाहीत आणि त्यांचे पैसेही कुणी दिले नाहीत.

समोर असलेले पर्याय

५ नोव्हेंबरचा फोन हा दुसरा निर्णयाचा क्षण. त्या दिवशी ताईंना आतून कळलं होतं की हे पूर्ण होत नाही. समोर काय काय होतं?

एकटीने रात्री जागून काढायचं. हा पर्याय त्यांनी निवडला असं म्हणणं चूक होईल. दुसरं काही न निवडल्यामुळे तोच उरला.

काही काम बाहेर द्यायचं. जुन्या नाशकात जरदोसीचे चांगले कारागीर आहेत. एकाने तीन दिवसांत एक ब्लाउज देतो असं सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पैठणीचा पीस तिला न विचारता तिसऱ्याच्या हातात द्यायचा, याला ताई तयार नव्हत्या. मला त्यांचं पटलं. मात्र विचारून द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न उरतोच.

डिझाइन हलकं करायचं आणि तेवढे पैसे कमी घ्यायचे. यासाठी गिऱ्हाइकाला फोन करून खरं सांगावं लागणार होतं.

एक-दोन ऑर्डरी परत करायच्या. हे नुसतं म्हटलं तरी ताईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्यांच्या भावाने आणखी एक सुचवलं होतं: पीएम विश्वकर्मा योजना. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत दर्जी आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. योजना चांगली आहे, मी स्वतः काहींचे अर्ज भरून दिलेत. पण ताईंची अडचण फ्रेमची नव्हती. तिसरी फ्रेम आली असती तर तिच्यावर बसणार कोण? आणि दारात दिला जाणारा होकार आहे तसाच राहिला असता, तर तीन फ्रेमसुद्धा भरून वाहिल्या असत्या.

काय केलं

५ ते ८ नोव्हेंबर, चार रात्री, ताई दोन-अडीचपर्यंत बसल्या. चौथ्या रात्री व्हायचं ते झालं. पैठणीच्या दोन बाह्यांवर दोन मोर, ते एकमेकांकडे बघणारे हवेत. त्यासाठी दुसऱ्या बाहीला नक्षीचा कागद उलटा करून छापायचा असतो. तो उलटा करायचा राहिला. सकाळी उजेडात बघितलं तर दोन्ही मोरांची तोंडं एकाच बाजूला. आरीची साखळी एका टोकाने ओढली की सरसर उसवते, त्यात काही अवघड नाही. पण रेशमावर सुईची भोकं राहतात, आणि पैठणीवर ती लपत नाहीत.

त्या संध्याकाळी, ९ तारखेला, ताईंनी मला फोन केला. "वही घेऊन येता का?" एवढंच म्हणाल्या. आवाजावरून कळलं.

आम्ही जमिनीवर बसलो. राहिलेल्या प्रत्येक कामापुढे तास लिहिले. नवरीचे ४ ब्लाउज झालेले, १ अर्धा आणि तोच बिघडलेला, ५ ना हात लागलेला नाही. बाह्यांची ५ कामं बाकी. एकूण २०० तास. मग मी विचारलं, कुणाचं लग्न किती तारखेला? ताई गप्प. त्यांना दोघींच्याच तारखा माहीत होत्या. बाकी सगळ्यांना त्यांनी सरसकट "तुळशीच्या लग्नापर्यंत देते" असं सांगितलं होतं. कुणाला कधी हवंय हे विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, सगळ्या प्रकरणात ही जागा सर्वांत महत्त्वाची आहे. कामाचा डोंगर होता हे खरं, पण तो एकाच तारखेवर त्यांनी स्वतः रचला होता. रात्री साडेनऊपर्यंत फोन करून तारखा विचारल्या, तेव्हा निघालं की तिघींची लग्नं २२ नोव्हेंबरनंतर आहेत आणि बाह्यांवाल्या दोघींना तर डिसेंबरात चाललं असतं. २४ तारखेपर्यंतचे दिवस धरले, मुलगी १३ ला येतेय हे धरलं, तर सुमारे १५० तास मिळत होते. खड्डा उरला ५० तासांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताईंनी फोन करायला घेतले. मी शेजारी बसले होते. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं होतं, चार वाक्यं: काम ठरल्याप्रमाणे होत नाहीये, चूक माझी आहे, मी अमुक करू शकते, तुम्हाला काय सोयीचं? सबब एकही नाही. मदतीची मुलगी आली नाही, हेही सांगायचं नाही. ते गिऱ्हाइकाचं दुखणं नव्हे.

दोन घरांनी पाठीवरचं भरगच्च काम हलकं करायला होकार दिला. प्रत्येकी १२ तास वाचले आणि दीड हजार रुपये कमी केले. एक ऑर्डर परत केली, नात्यातलीच, वसुबारसेला घेतलेली. ताईंनी पीस, घेतलेले पैसे आणि दुसऱ्या एका कारागिराचा नंबर स्वतः नेऊन दिला. त्या घरच्या मावशी दारातच म्हणाल्या, "घरच्यांनाच नाही म्हणतेस?" ताई पाणी न पिता परत आल्या.

बिघडलेल्या बाहीचा फोन शेवटी ठेवला होता. नवरीची आई ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, मला पाच तारखेला सांगितलं असतंत तर मी दुसरी साडी तरी ठरवली असती." त्या बाईंना भोकांवर झाकायला जाळीच्या कापडावर मोत्यांची पट्टी भरून लावून दिली. मोर दोन्ही बाह्यांवरून काढले. पैसे फक्त शिलाईचे घेतले.

काय झालं

नवरीच्या १० ब्लाउजपैकी ६ ठरल्याप्रमाणे गेले, २ हलक्या डिझाइनचे, १ परत, १ पट्टी लावलेला. बाह्यांच्या १२ कामांपैकी ३ उशिरा गेली. त्यांतल्या दोघींशी आधी बोलणं झालं होतं, तिसरीला सांगायचं राहून गेलं आणि तिने गल्लीत ऐकवलं. पट्टीवाल्या बाई परत आल्या नाहीत. मावशींकडे येणं-जाणं संक्रांतीच्या तिळगुळानंतर हळूहळू सुरू झालं. ताईंचं उजवं मनगट जानेवारीपर्यंत दुखत होतं.

नंतर जे बदललं ते बघायला साधं आहे. फ्रेमसमोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात सुईचे तास लिहायचे, ताईंचे सहा नव्हे तर पाच, कारण निरोप, माप, छपाई यांना एक तास जातोच. ऑर्डर घेतली की तितके चौकोन भरायचे. दारात तारीख द्यायची नाही. "वही बघून उद्या सकाळी अकराला सांगते" हे वाक्य ताईंनी अक्षरशः पाठ केलं. पहिले काही आठवडे ते म्हणताना त्यांचा आवाज कापायचा.

पाचशेच्या जागी निम्मे पैसे आधी. गिऱ्हाइकाला लिहिलेली चिठ्ठी मिळते: लग्नाची तारीख, ब्लाउज हातात द्यायची तारीख (लग्नाआधी आठ दिवस), आणि डिझाइन पक्कं करायची तारीख. तिच्यानंतर मोराचं कमळ होत नाही. निरोपांना उत्तर दुपारी एक ते दोन. फोटो दाखवला की ताई स्वतःच्या कामाचे तीन नमुने पुढे ठेवतात, १५ तासांचा, २२ तासांचा, ३० तासांचा, प्रत्येकावर किंमत. आई-मुली हात फिरवून बघतात, आणि "अस्संच हवं" हा वाद बराचसा तिथेच मिटतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती, तेव्हा नवरीचे ११ ब्लाउज घेतले आणि ६ जणींना नाही सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात १५ घेतले होते. दर साडेपाचवरून साडेसहा हजारांवर नेला, तरी वहीत आदल्या वर्षीपेक्षा ११,००० रुपये कमी दिसतात. ते मी लपवणार नाही, कारण नाही म्हणायला शिका आणि कमाई वाढेल असं सांगणारे लोक खोटी आशा दाखवतात. निदान पहिल्या वर्षी तरी कमाई घटते, आणि घरात त्यावर बोलणं होतं. ताईंच्या यजमानांनी विचारलंच, "सहा जणींना परत का पाठवलं?" ताईंनी त्यांना भिंतीवरचे चौकोन दाखवले. एकही काम उशिरा गेलं नाही, आणि मे महिन्यात त्या मुलाच्या शाळेच्या निकालाला गेल्या. आदल्या वर्षी जमलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

५ नोव्हेंबर ते ९ नोव्हेंबर. हे चार दिवस मला अजून टोचतात. फोन त्याच संध्याकाळी गेले असते तर बाही बिघडलीच नसती. उशीर झाला म्हणून कुणी फारसं रागावलं नाही. राग होता तो आपल्याला अंधारात ठेवल्याचा.

पाच राहिलेल्या ब्लाउजमध्ये एक साध्या रॉ सिल्कवर होता, पैठणी नव्हती. तो गिऱ्हाइकाला विचारून कारागिराकडे देता आला असता. मग मावशींची ऑर्डर परत करावी लागली नसती. त्या रात्री हे ना मला सुचलं ना ताईंना. आम्ही दोघी "पैठणी बाहेर द्यायची नाही" या एका विचारात अडकलो होतो.

ऑर्डर परत करण्याबद्दल आमचं आजही एकमत नाही. माझं म्हणणं, वसुबारसेच्या दोन्ही परत करायला हव्या होत्या, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना नीट न्याय मिळाला असता. ताईंचं म्हणणं, एकदा हातात घेतलेलं कापड परत देणं म्हणजे मुलीच्या लग्नाला अपशकुन केल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करीन. यात बरोबर कोण ते मी ठरवलेलं नाही.

मदतनीस मुलीची बाजू मात्र सर्वांत उशिरा सुधारली. तिला रोजावर ठेवलं होतं. आली तर पैसे, नाही तर नाही. मग तिने आपल्या बागेपेक्षा दुसऱ्याच्या फ्रेमची काळजी का करावी? आता तिला कामामागे पैसे मिळतात आणि चिठ्ठीची एक प्रत तिच्याकडेही असते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, तुळशीविवाह २ नोव्हेंबरपासून. गणपतीतच तिने छाटणीचे आणि फेलफुटीचे तीन आठवडे सांगून टाकले आणि ताईंनी तेवढे दिवस एकच फ्रेम धरून ऑर्डरी घेतल्या. नवरीचे ६.

निरोपांचं अजून पूर्ण जमलेलं नाही. दुपारचं एक ते दोन ठरलंय, पण रात्री अकराला एखाद्या नवरीचा रडका निरोप आला तर ताई उत्तर देतात. मी त्यावर बोलणं सोडलंय.

यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. परवा वही आणायला गेले तेव्हा ताईंनी ते तीस चौकोन पेन्सिलने तिरप्या रेघा मारून बंद केले होते, आणि त्यांच्या आधीच्या सहा आठवड्यांत नऊ नावं लिहिलेली होती. दहावी मुलगी आईबरोबर दारात उभी होती. "ताई, बारा मेला आहे. होईल ना?"

"बसा," ताई म्हणाल्या. "आधी तारीख लिहू द्या. उद्या अकराला सांगते."